वाळवंटात छागल: गाडीला मस्त, पाठीवर नको

जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कला जायचं म्हणून लातूरच्या गंजगोलाईतल्या एका ताडपत्रीवाल्याकडून छागल, म्हणजे पाण्याची कॅनव्हासची पिशवी, घेतली. दोस्त म्हणायले थर्मास घे, पण आपल्याकडं ट्रॅक्टरला अन जीपला छागल लटकलेली बघतच मोठे झालो ना.

पाणी गार होतं का? लई गार. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं अन जाताना आतली उष्णता घेऊन जातं, म्हणून हवा जितकी कोरडी तितकी छागल भारी. तिकडं फेब्रुवारी सरतानाच दुपारचे चटके बसायलते, बाटलीतलं पाणी कोमट अन छागलीतलं घशाला गारेगार. हीच छागल पावसाळ्यात आपल्याकडं नुसती गळत बसते.

पण ती पाणी गार करते म्हणजे पाणी खर्च करते, हे डोक्यात ठेवूनच प्लॅन करा. पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचा, जैसलमेर अन बाडमेर दोन जिल्ह्यांत पसरलेला, आत गावं हायेत पण लांब लांब, अन तिथली माणसंच पाणी जपून वापरतात, त्यांच्या भरवशावर कशाला जायचं. पिण्याचं माणशी रोज ४ लिटर धरलं, ते सगळं झाकणबंद कॅनमधी, अन छागलीत फक्त त्या दिवशी प्यायचं तेवढंच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेल्या लातूरकराला पाण्याचा हिशोब काय शिकवायचा म्हणा!

नवी छागल रात्रभर भिजवा, धागे फुगले की गळती कमी होते, अन पहिलं पाणी ओतून द्या, कॅनव्हासचा वास मारतं. माझ्या छागलीची खालच्या कोपऱ्याची शिलाई गळायली होती, दुकानदार म्हणला भिजल्यावर बसंल, बाकी बसलं पण कोपरा काही बसला नाही, मेणबत्ती घासली तवा कुठं थांबलं. ओल्या कापडाला वाळू चिकटते, बुच उघडायच्या आधी तोंड पुसलं नाही तर कडेची वाळू सरळ पेल्यात. पाठीवर घेऊन चालायला तर बेकार, पँट भिजते अन बोरीच्या काट्याला अडकली की संपलं. गाडीला सावलीच्या बाजूनं लटकवा.

वनखात्याचा परवाना मात्र निघायच्या आधीच बघून ठेवा. माळढोक पक्षी दिसला का ते विचारू नका राव.

घ्यायची तर लहानच घ्या, मोठी भरली की पट्टा खांद्यात रुततो अन अर्धं पाणी तसंही उडूनच जातं.