बॉनेटवरचा डिंक: डब्ल्यूडी-४० की निलगिरीचं तेल?

मे महिन्यात मामेभावाच्या लग्नात आमची गाडी नवरदेवाची गाडी झाली. सजावटवाल्याने झेंडूच्या माळा थेट बॉनेटवर डबल टेपने चिकटवल्या. चार दिवस गाडी तशीच उन्हात उभी. माळा ओढल्या तेव्हा फुलं हातात आली, डिंक मात्र जागेवरच. गडद निळ्या रंगावर मळकट पट्टे, आणि बोट लावलं की तार सुटायची.

थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर सुचवणारे भेटतातच. त्यांच्या नादी लागू नका. कंपनीचा रंग एखादवेळ तग धरेल, पण ठोकून पुन्हा रंगवलेला पत्रा असेल तर डिंकासोबत रंगही फडक्यावर येतो. रॉकेलच्या वाटेला मी गेलो नाही. उरले दोन उपाय: डब्ल्यूडी-४०, म्हणजे डब्यातून फवारायचं गंजरोधक तेल, आणि निलगिरीचं तेल. एकाच बॉनेटवर डावीकडे एक, उजवीकडे दुसरा असे दोन्ही करून पाहिले.

तयारी दोन्हींची सारखीच. गाडी धुऊन सावलीत लावायची, हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून फिरवत पत्रा कोमट करायचा आणि अंगठ्याने डिंक लोळवायचा. निम्मा तर गोळ्या होऊन असाच सुटतो. खरी लढाई नंतरच्या पातळ थराशी.

वेगात डब्ल्यूडी-४० पुढे, हे मान्य करायलाच हवं. फवारा, थोडं थांबा, पुसा. ते लवकर उडून जात नाही, त्यामुळे जाड थरात निवांत मुरतं. निलगिरीचा बोळा मात्र जागेवर दाबून धरावा लागतो, वाळला की पुन्हा भिजवावा लागतो. माझ्या उजव्या बाजूला जवळजवळ दुप्पट वेळ गेला असेल. शिवाय पार्किंगभर वाफाऱ्याचा वास.

मग गाडं अडलं कुठे? जूनच्या पहिल्या पावसात. रात्री घरी येताना वायपर लावला आणि ड्रायव्हरसमोरची काच दुधाळ झाली. समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याची काचभर रेघ उमटत होती. फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने काचेवर गेले होते, आणि वायपरच्या रबराने ते इमानेइतबारे सगळीकडे सारवले. पुढचा अर्धा तास मी मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. काच तीनदा साबणाने धुतली तेव्हा कुठे नीट दिसू लागलं. बॉनेटच्या फटीत उतरलेल्या तेलावर धूळ बसून काळे ओघळ येत राहिले, ते वेगळेच.

आता यात त्या डब्याचा दोष किती? १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते बनलं तेच मुळी गंज रोखायला. नावातलं ‘डब्ल्यूडी’ म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पत्र्यावर तेलाचा थर मागे ठेवणं हे त्याचं कामच आहे. मी फडक्यावर फवारलं असतं तर कदाचित हे रामायण घडलं नसतं. निलगिरीचं तेल आपसूक उडून जातं. शाम्पूचा एक हात मारला की विषय संपला.

मात्र तेही सौम्य समजू नका. रंगावर घालून विसरलात तर रंग मऊ पडू शकतो. आधी दाराच्या आतल्या कडेला थेंब लावून पाहा, मिनिट-दोन मिनिटांत पुसा, आणि बोळा खरखरीत नको. काहीही वापरलंत तरी त्या जागेवरचं वॅक्स जातं, ते पुन्हा लावा.

दारावरची बीडिंग, म्हणजे चिकटवलेली पट्टी, निघून खालचा जाड फोम टेप उरला असेल, तर मी आजही डब्ल्यूडी-४० घेईन, फडक्यावर घेऊन. स्टिकर, सेलोटेप, लग्नाची सजावट यासाठी, माझ्यापुरतं तरी, निलगिरीच. परवा दुसरी बाटली आणायला गेलो तर मेडिकलवाले काका म्हणाले, “सर्दी अजून गेली नाही वाटतं?”