सोळा महिने वापरल्यानंतर: फोन झकास, पण ते ‘टक्’ कुठे गेलं?

स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही. ५००० एमएएचची बॅटरी, ३३ वॅटचं चार्जिंग, बाकीचं तुम्ही खोक्यावर वाचलंच असेल. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. कॅमेरा ठीक, स्पीकर मोठा, उन्हात स्क्रीन जरा आंधळी. हँग म्हणाल तर एकदाही नाही. दसऱ्याच्या सेलमध्ये १४,४९९ ला घेतला तेव्हा आमची ही म्हणाली होती, “एवढ्यात मिक्सर आणि घरघंटी दोन्ही आलं असतं.” त्यामुळे फोन चांगला निघणं ही माझ्या इज्जतीची गोष्ट होती.

तर डिसेंबरातली एक रात्र. साडेअकराला १४ टक्क्यांवर चार्जिंगला लावून झोपलो. सकाळी उठून बघतो तर १९. रात्रभरात पाच टक्के! डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणाऱ्या माणसाने १९ टक्क्यांवर घर सोडायचं म्हणजे पाणी न घेता वारीला निघण्यासारखं. तिकीट फोनमध्ये, पैसे फोनमध्ये, ऑफिसचा ओटीपीही फोनमध्ये.

तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ‘टक्’ गेलंय. नवीन फोनमध्ये केबलची पिन आत ढकलली की शेवटी बारीकसं टक् व्हायचं. कानाला नाही, बोटाला कळायचं. आता कापसात बोट घातल्यासारखी पिन आत जायची आणि कुठेतरी मध्येच थांबायची. फोन उचलला की केबल गळून पडायची. हे टक् माझ्या डोक्यात असं बसलं की पुढचे दोन महिने घरात कोणाचाही फोन दिसला की मी त्यात केबल घालून ऐकत बसायचो. मुलगी म्हणाली, “बाबा, स्टेथोस्कोप आणून देऊ का?”

पहिला संशय केबलवर. खोक्यातल्या चार्जर-केबलची वॉरंटी सहाच महिने असते हे त्या दिवशी कार्ड वाचल्यावर कळलं. स्टेशनबाहेरून दीडशेची केबल घेतली, वर मोठ्या अक्षरात ‘सुपर फास्ट’. काडीचा फरक नाही. दीडशे पाण्यात.

मग रविवारी फोन बंद करून टॉर्च मारून पोर्टमध्ये बघितलं. आत तळाशी करडं-निळं काहीतरी दिसलं. लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडने चपटं करून घेतलं आणि कडेकडेने हळूच उकरलं. जे बाहेर आलं ते मसुरीच्या दाण्याएवढं, नमद्यासारखं दाबून बसलेलं. माझ्या निळ्या पँटीच्या खिशातल्या धाग्यांचा बोळा. चौदा महिने रोज केबल घालताना मी स्वतःच तो ठासत होतो, जुन्या बंदुकीत दारू ठासावी तसा. पिन शेवटपर्यंत पोचायलाच जागा नव्हती. केबल लावली आणि टक्! अक्षरशः ओरडलो मी. ही स्वयंपाकघरातून धावत आली, काय पडलं म्हणून.

(टूथपिकच घ्या. सेफ्टी पिन, सुई, स्टेपलची तार नको. पोर्टच्या मध्ये जी पातळ जीभ असते तिच्यावर वर बारा आणि खाली बारा असे चोवीस संपर्क असतात, धातूने एक जरी खरवडला तरी कायमचा जातो. आणि फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. मी मारली होती.)

त्या दिवशी मी पाच तारे दिले आणि ऑफिसात प्रत्येकाला टूथपिकचं प्रवचन दिलं. तिघांच्या फोनमधून बोळे काढले. एकाने चहा पाजला. हे सुख आठ दिवस टिकलं.

नवव्या दिवशी पुन्हा तेच, पण या वेळी टक् होत असूनही. केबल घट्ट बसलेली, चार्जिंगचं चिन्ह आलेलं, टक्के मात्र गोगलगायीच्या चालीने. ही म्हणाली, “अहो, उलटी लावून बघा ना.” मी म्हटलं, टाइप-सी आहे, याला उलटं-सुलटं नसतं, तेवढ्यासाठीच तर काढलीय ती. तिने केबल माझ्या हातातून घेतली, उलटी करून लावली, आणि फास्ट चार्जिंग सुरू झालं. मला यातलं काही सुधरेना.

आता इथे माझ्यातला कंजूष आणि माझ्यातला चिकित्सक यांची मारामारी झाली, आणि चिकित्सक जिंकला. शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून ३५० रुपयांचा छोटा यूएसबी मीटर आणला. (त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण ते विचारलंत तर कोणी रस्ता सांगणार नाही.) चार्जर आणि केबलच्या मध्ये हा मीटर लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. माझ्या मीटरमधून कंपनीचं खास फास्ट चार्जिंग होत नाही, साधंच होतं, पण तुलनेला तेवढं पुरतं. सुलटी लावली: ५ व्होल्ट, ०.४५ अँपिअर. म्हणजे सव्वादोन वॅट. उलटी लावली: १.९ अँपिअर, साडेनऊ वॅट. केबल तीच, चार्जर तोच, फक्त पिन फिरवली.

पुढचे चार दिवस वाचत बसलो. त्या चोवीस संपर्कांत दोन असे असतात की त्यांच्यातून फोन चार्ज होत नाही, नुसतं बोलणं होतं. त्यांना सीसी म्हणतात. एक वरच्या बाजूला, एक खालच्या. केबल ज्या बाजूने घालाल त्याप्रमाणे यातला एक कामाला येतो आणि फोनला समजतं की समोर काय जोडलंय आणि किती वीज ओढायला हरकत नाही. त्या बाजूचा सीसी मेला असेल तर फोन बिचारा घाबरत घाबरत अर्धा अँपिअर घेतो. ताडून बघायला मुलीच्या लॅपटॉपचा चार्जर लावला, ज्याच्या दोन्ही टोकांना टाइप-सी आहे. एका बाजूने व्यवस्थित, दुसऱ्या बाजूने शून्य. साफ शून्य. कारण तसला चार्जर सीसीवर समोरून उत्तर आल्याशिवाय वीज सोडतच नाही. जुना चौकोनी तोंडाचा चार्जर मात्र विचारपूस न करता ५ व्होल्ट देऊन टाकतो. तेव्हा तुमचा फोन एका चार्जरवर चालतो आणि दुसऱ्यावर मेल्यासारखा पडतो असं झालं, तर चार्जर फेकण्याआधी पिन फिरवून बघा. माझे दीडशे वाचले असते.

एवढी तयारी करून, मीटरचे फोटो काढून, अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. टोकन, दीड तास, एसी मस्त. काउंटरवरच्या मुलाला फोटो दाखवले. त्याने बघितले नाहीत. त्याने पोर्टमध्येही बघितलं नाही. फोन आत नेला, पंधरा मिनिटांनी आणला, “सर, लिक्विड डॅमेज आहे. मेन बोर्ड आणि सब बोर्ड दोन्ही बदलावं लागेल. ८,९०० प्लस जीएसटी. डेटा जाईल.” म्हणजे साडेदहा हजार! मी म्हटलं, सिमचा ट्रे काढ, आतली पट्टी पांढरी आहे, पाणी गेलं असतं तर लाल झाली असती. तो म्हणाला, “सर, सिस्टीममध्ये लिक्विड डॅमेज दाखवतंय.” मी म्हटलं, मी १९१५ ला फोन करीन. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असावं, कारण तो अगदी शांतपणे म्हणाला, “करा ना सर.” आणि दुरुस्ती नाकारली म्हणून तपासणीचे २०० अधिक जीएसटी, २३६ रुपये घेतले. काय तपासलं त्याचे २३६? पावती जपून ठेवलीय. त्या रात्री पाचाचे दोन तारे केले आणि जे लिहिलं ते इथे पुन्हा लिहीत नाही.

शेवटी आमच्या स्टेशनजवळच्या जिन्याखालच्या टपरीत गेलो. पंचविशीतला पोरगा, समोर मायक्रोस्कोप, शेजारी हीट गन, ब्रश आणि वाटीभर स्क्रू. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “काका, दोन्ही साइडने घेतो का?” मी मनातल्या मनात त्याला मिठी मारली. त्याने पोर्ट मायक्रोस्कोपखाली धरलं आणि मला डोळा लावायला सांगितला. पिवळ्याधमक रांगेत एक संपर्क काळा पडलेला, शेजारचा हिरवट. तांब्याच्या जुन्या भांड्यावर येतो तसला हिरवा. “पाण्यात चार्ज केला होता का?”

नाही म्हणणार होतो. तेवढ्यात आठवलं. जुलै. घाटकोपरला गाडी पाऊण तास उभी, दारातून झड आत येतेय, फोन ४ टक्क्यांवर. पॉवर बँक लावली तर स्क्रीनवर थेंबाचं चित्र: पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्ज करू नका. खाली दुसरं बटण होतं, तरीही चार्ज करायचं. मी दाबलं. दोनदा दाबलं. ओल्या पोर्टमध्ये वीज सोडली की धातू खात जातो, पाण्याने एकट्याने एवढं नुकसान होत नाही. घरी येऊन वर फोन तांदळाच्या डब्यात घातला होता. तेही चूक. तांदळाचे कण आत जातात, अ‍ॅपलने तर हे करू नका असं लेखी सांगून ठेवलंय. तोंड खाली करून दोन टिचक्या मारायच्या आणि वाऱ्यावर ठेवायचा, एवढंच करायचं असतं.

म्हणजे लिक्विड डॅमेज खरं होतं. सर्व्हिस सेंटरचा पोरगा निम्मा बरोबर होता. हे लिहिताना बोटं जड होतायत, पण लिहितो. मेन बोर्डाला मात्र काही झालेलं नव्हतं, त्यामुळे उरलेला निम्मा चूकच.

“पट्टी बदलावी लागेल,” पोरगा म्हणाला. पट्टी म्हणजे खालचं छोटं सब बोर्ड, ज्यावर चार्जिंगचं पोर्ट असतं. “कॉपी २५०, ओरिजनल ७००. मजुरी दोनशे.” माझ्या तोंडून काय निघालं असेल ते मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. मागचं झाकण गरम करून उचकटलं, पट्टी बदलली, गोंद लावून चार रबरबँड घालून हातात दिला. “काका, दोन तास रबर काढू नका. आणि आता पावसात सांभाळा, झाकण उघडलं की कंपनीचं सील गेलं.”

दोन्ही बाजूंनी टक्. दोन्ही बाजूंनी १.४ अँपिअर. फास्ट चार्जिंग मात्र गायब, कुठल्याच बाजूने येईना. ठीक आहे म्हटलं, आपल्याला कुठे घाई. मग संध्याकाळी हिला फोन लावला. “अहो, विहिरीत पडलात का?” त्या पट्टीवर माइकही असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. तीन दिवस मी घशाच्या शिरा ताणून बोललो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, नेटवर्कमध्ये या. चौथ्या दिवशी गुपचूप टपरीवर गेलो. पोरगा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. ओरिजनलचे ७०० घेतले, मजुरी घेतली नाही.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. १४ वरून शंभर व्हायला तासभर. मीटरवर दोन्ही बाजूंनी १.९. आवाज स्वच्छ. दर रविवारी टॉर्च मारून बघतो, महिन्यातून एकदा टूथपिक. फोन आता शर्टाच्या खिशात, पँटीच्या नाही. कंपनीच्या केबललाही न्याय द्यायला हवा: टाइप-सीमध्ये टक् करणारी स्प्रिंग फोनमध्ये नसते, केबलच्या टोकात असते, झिजायचंच तर स्वस्तातली वस्तू झिजावी म्हणून. पोर्ट दहा हजार वेळा घालण्या-काढण्यासाठी बनवलेलं असतं. दिवसातून तीनदा धरलं तरी नऊ वर्षं. माझं झिजलं नव्हतंच, मी ते आधी बुजवलं आणि मग भिजवलं.

हिशोब: केबल १५०, मीटर ३५०, सर्व्हिस सेंटर २३६, कॉपी पट्टी २५०, मजुरी २००, ओरिजनल ७००. एकूण १,८८६. पहिल्याच दिवशी टपरीवर गेलो असतो तर ९०० मध्ये सुटलो असतो. हा आकडा हिला सांगितलेला नाही.

फोनला साडेचार तारे. उरलेला अर्धा त्या २३६ ची पावती कपाटात आहे तोवर देणार नाही.