‘ब्लॉकेज विरघळवणारे’ सलाइन आणि माझे पंचेचाळीस हजार

गेल्या हिवाळ्यात सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढताना माझ्या छातीच्या मधल्या हाडामागे दाब येऊ लागला. दोन-तीन मिनिटे थांबलो की ओसरे, चालू लागलो की पुन्हा धरे. जेवून आडवे झाल्यावर होणारी जळजळ मला जुनी परिचयाची, त्यामुळे हेही पित्तच समजून मी महिनाभर पित्ताच्या गोळ्या घेतल्या. पित्ताला चढ-उतार कळत नाही, हे तेव्हा सुचले नाही.

फॅमिली डॉक्टरांनी काढलेला ईसीजी व्यवस्थित आला. तरीही, झोपवून काढलेला ईसीजी या दुखण्यात निर्दोष येऊ शकतो असे सांगून त्यांनी अ‍ॅस्पिरिन व कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे जाण्यास बजावले. मी मात्र अँजिओग्राफीच्या धास्तीने, वर्तमानपत्रातून आलेले पत्रक घेऊन ‘विनाशस्त्रक्रिया’ उपचारांच्या एका केंद्रात गेलो.

तेथे मुठीत पितळी कांडी धरायला दिली आणि संगणकावर हृदयाचे रंगीत चित्र दाखवून ‘७० टक्के ब्लॉकेज’ असल्याचे सांगितले. तीस सलाइन, प्रत्येकी १,५०० रुपये, सर्व रक्कम आगाऊ. चालू गोळ्या ‘किडनी खराब करतात’ म्हणून बंद करायला लावल्या. माझ्या मते पैशांपेक्षा हा गुन्हा मोठा. बाराव्या सलाइनच्या वेळी ओठांभोवती मुंग्या आल्या, तेव्हा ‘विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत’ असे हसत उत्तर मिळाले. विसाव्यानंतर ‘३० टक्के’ लिहिलेला नवा अहवाल हाती आला. त्यावरील चित्र तेच होते, आणि छपाईची वेळसुद्धा आधीच्याच अहवालाची होती, पण हे मी नंतर पाहिले.

चार दिवसांनी रात्री बसल्या जागी तोच दाब आला, जबड्यापर्यंत गेला आणि अंगाला दरदरून घाम सुटला. रुग्णालयात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले निघाले, त्याच रात्री अँजिओग्राफी होऊन स्टेंट बसला. (स्टेंटच्या किमतीवर सरकारने २०१७ पासून मर्यादा घातली आहे, हेही मला तेव्हाच कळले.) रक्तवाहिनी किती टक्के अरुंद झाली आहे हे मुठीतल्या कांडीने मोजता येत नाही, असे तेथील डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

बाटल्यांवरील लेबले केंद्रात खरवडलेली असत. पत्नीने सहज काढलेल्या एका छायाचित्रात मात्र ‘इडिटेट’ एवढी अक्षरे शिल्लक दिसतात. या नावाची दोन औषधे आहेत: शिशाच्या विषबाधेवर वापरले जाणारे कॅल्शियमयुक्त इडिटेट रक्तातील कॅल्शियम खाली आणत नाही, पण डायसोडियम इडिटेट आणू शकते, आणि त्या मुंग्या बहुधा या दुसऱ्याच्याच होत्या. पैसे परत मागितले असता केंद्राने पावतीवर बोट ठेवले: तिच्यावर ‘आहारविषयक सल्ला शुल्क’ इतकेच लिहिले आहे. ग्राहक आयोगाकडील तक्रारीला आता मी ते छायाचित्र आणि एकाच वेळेचे दोन्ही अहवाल जोडले आहेत.