केनियाच्या ऊसपट्ट्यात चायनीज दीडशे की बॉक्सर? दोन्ही चालवल्यानंतरचा अनुभव

सांगली-कोल्हापूरकडची बरीच मंडळी पूर्व आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांत नोकरीला येतात. केमिस्ट आणि इंजिनिअर लोकांचा दिवस कारखान्याच्या आवारात जातो, पण शेतकी खात्यातल्या माणसाचं गाडीशिवाय पान हलत नाही. मी शेतकी खात्यातला. किसुमूच्या पूर्वेला न्यांदोच्या खोऱ्यात, मुहोरोनी-चेमेलिलच्या बाजूला माझं काम चालतं. नव्या लागणी बघायच्या, खोडव्यांच्या नोंदी, बेण्याची तपासणी, तोडणीचं वेळापत्रक. कारखान्याने आल्या आल्या हातात एक नवीकोरी चायनीज दीडशे सीसी मोटरसायकल दिली. काही महिन्यांनी मी पदरचे पैसे घालून बजाज बॉक्सर १५० घेतली. चायनीज गाडी खात्यातच आहे आणि गरज पडली की अजूनही मीच काढतो. म्हणजे तेच रस्ते, तोच पाऊस, तेवढंच ओझं, आणि दोन्ही गाड्या. इकडे येणारा प्रत्येक जण गाडीबद्दल विचारतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोज कच्च्या रस्त्यावर चाळीस-पन्नास किलोमीटर पडणार असतील, तर नव्या चायनीजच्या पैशात दोन-तीन वर्षं वापरलेली चांगली बॉक्सर घ्यावी. हे माझं ठाम मत आहे. कारणं मात्र लोक सांगतात ती नाहीत.

चायनीज म्हटलं की लोक थेट इंजिनालाच नावं ठेवतात. माझ्या गाडीच्या इंजिनावर १६२एफएमजे असा कोड कोरलेला आहे. यातला १ म्हणजे एक सिलिंडर, ६२ म्हणजे ६२ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), एफ म्हणजे हवेने थंड होणारं, एम म्हणजे मोटरसायकलचं आणि जे म्हणजे दीडशे सीसीचा गट. सव्वाशे सीसीवाल्या गाड्यांवर १५६एफएमआय दिसतं. या घराण्याचं मूळ होंडाच्या सीजी १२५ मध्ये आहे. गरीब देशांत लोक वेळेवर ऑइल बदलत नाहीत, वाटेल तेवढं ओझं लादतात आणि ओव्हरहेड कॅमचं (झडपा उघडणारा कॅम इंजिनाच्या डोक्यावर असलेलं) नाजूक इंजिन त्यात टिकत नाही, हे बघून होंडाने १९७६ मध्ये ही गाडी काढली. कॅम खाली आणला, वरच्या झडपा ढकलायला पुशरॉड दिले, भाग कमी केले. चायनीज कारखान्यांनी तीच रचना उचलली आणि बोअर वाढवून दीडशे केली. रचना म्हणाल तर इथल्या रस्त्यांसाठीच जन्मलेली. टॅपेट, म्हणजे झडपांची फट, सेट करायला एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज एवढं पुरतं.

मग घोडं पेंड कुठे खातं? आमच्या कारखान्याच्या गेटाबाहेर आंब्याच्या झाडाखाली एक फुंडी बसतो. इथे मेकॅनिकला फुंडी म्हणतात. त्याने माझी चायनीज गाडी पहिल्यांदा खोलली तेव्हा एका वाक्यात निकाल लावला, "बॉस, इंजिन चांगलं आहे, लोखंड वाईट आहे." पुढच्या काही महिन्यांत मला त्या वाक्याचा पुरता अर्थ कळला.

आधी चेन गेली. इथला मुरूम लाल आणि बारीक असतो. ऑइल लावलेल्या चेनवर तो बसला की त्याचीच पॉलिश पेपरसारखी कानस होते. हे दोन्ही गाड्यांच्या नशिबी आहे. पण चायनीजच्या मागच्या स्प्रॉकेटचे दात बघता बघता एका बाजूला कलले, टोकं धारदार झाली आणि चेन चढावर दात सोडून उडायला लागली. बॉक्सरची मूळची चेन त्याच मुरुमात, त्याच निगेत कितीतरी जास्त टिकली. त्यानंतर मागच्या चाकाचे आरे सैल होऊ लागले. आरे आवळायचे, आठवड्याने पुन्हा हाताने वाजवून बघायचे, दोन-तीन पुन्हा ढिले. मग मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश. बुश गेले की वळणावर गाडीचा मागचा भाग वेगळ्याच दिशेला चालल्यासारखा वाटतो, आणि पाठीमागे बेण्याच्या नमुन्याची मोळी असेल तर ते चांगलंच जाणवतं. पुढच्या शॉकअपचे ऑइल सील गळाले. ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचे आटे बोल्टसोबतच बाहेर आले. नरम धातूत कापलेले आटे, दुसरं काय होणार? फुंडीने एक माप मोठा बोल्ट आटे पाडून बसवला आणि त्याच्यावर गाडी आजही चालते आहे.

सगळ्यात जास्त ताप दिला तो बॅटरी-दिव्यांकडे जाणारी वीज आवरणाऱ्या रेग्युलेटरने. तो गेला की बॅटरी उकळते, बल्ब उडतात. विषुववृत्ताजवळचा हा भाग. बाराही महिने संध्याकाळी सातच्या आत-बाहेर दिवस मावळतो आणि अंधार भराभर पडतो. उसाच्या दोन्ही बाजूंनी उंच भिंती, मधे ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि हेडलाइट बंद. ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले इथेही आपल्याकडच्यासारखेच मागचा दिवा न लावता जातात. त्या रात्री मी इंडिकेटरच्या उजेडात गाडी ढकलत आणलेली आहे. पुढच्या बाजारी स्वतःच्या खिशातून रेग्युलेटर घेतला आणि त्यानंतर बॉक्सरचा विचार पक्का केला.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती खरी आहे. चायनीज गाडीचा भाग महाग नसतो आणि मिळत नाही असं कधीच होत नाही. टाकीवरचं स्टिकर काहीही असो, इंजिनाचा कोड सांगितला की गावातल्या टपरीवर पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, कार्बोरेटर सगळं हजर. म्हणूनच गाडीच्या कंपनीचं नाव इथे मी लिहीत नाही, त्या नावाने कुणाला काही कळणार नाही. आतली गाडी एक आणि वरची नावं अनेक. अडचण अशी की आज घेतलेला पिस्टन आणि चार महिन्यांनी त्याच दुकानातून घेतलेला पिस्टन यांची जात एक असेलच, याची खात्री कुणी देत नाही. एखादी गाडी पाच वर्षं विनातक्रार चालते, तिच्याच शेजारी उभी असलेली पहिल्या पावसाळ्यात बसते. नशीब चांगलं निघालं तर सोन्याहून पिवळं. पण ज्याचा धंदा किंवा नोकरी गाडीवर आहे त्याने नशिबावर का अवलंबून राहावं?

शिवाय फीचर्सच्या बाबतीत चायनीज गाडी भरभरून देते. पुढे डिस्क ब्रेक, बटन स्टार्ट, गिअर दाखवणारा दिवा, मजबूत कॅरिअर, दणकट क्रॅश गार्ड, सगळं आधीपासून लावलेलं. ओल्या मुरुमावर पुढच्या डिस्कचा मला मनापासून उपयोग झाला. बॉक्सरला पुढेही ड्रमच आहे. १४४.८ सीसी, १२ पीएस, कार्बोरेटर, बाकी नखरे नाहीत. नंदी डोंगराच्या चढावर, वर चहाच्या मळ्यांकडे जाताना, चायनीज गाडीचं पिकअप कमी नाही, उलट रिकामी असताना ती जरा जास्तच उड्या मारते. पण मागे माणूस आणि पुढे टाकीवर सामान घेतलं की फरक उघडा पडतो. बॉक्सर खालच्या आरपीएमवरच ओढते, तक्रार न करता चढते आणि वर पोचल्यावर इंजिनाचा आवाज खाली होता तसाच असतो. चायनीजचा आवाज मात्र प्रत्येक महिन्याला थोडा थोडा बदलत गेला.

अ‍ॅव्हरेजचं मी फार मनावर घेत नाही. दोन्ही दीडशे सीसीच्या आहेत, बॉक्सर कमी पिते एवढं नक्की.

बोडाबोडावाले, म्हणजे इथले मोटरसायकल टॅक्सीवाले, काय घेतात ते बघा, हा माझा सगळ्यांना सल्ला असतो. ही पोरं दिवसभर गाडीवर असतात. मक्याचं ९० किलोचं पोतं, त्यावर माणूस, कधी दुधाचे कॅन, कधी पलंग आडवा बांधलेला. केनिया सरकारने २००८ मध्ये २५० सीसीखालच्या मोटरसायकलींवरचा व्हॅट काढला आणि त्यानंतर हा धंदा गावोगाव पसरला. तेव्हा लोकांच्या हाती परवडणारी गाडी म्हणून चायनीजच पडली. जपानी गाड्या सरकारी खात्यांच्या आणि संस्थांच्या दारात दिसायच्या, सामान्य माणसाला त्या कुठल्या झेपायला? हे श्रेय चायनीज गाड्यांचं आहे आणि ते मी मोकळ्या मनाने देतो. बजाज आणि टीव्हीएसने नंतर हा बाजार मोठ्या प्रमाणावर काबीज केला. आमच्या स्टँडवर आज बॉक्सर आणि टीव्हीएस एचएलएक्स यांच्याच रांगा आहेत. ज्याने स्वतःच्या कमाईतून दुसरी गाडी घेतली आहे असा बोडावाला चायनीजवरून भारतीय गाडीवर आलेला दिसतो, उलटा गेलेला मला अजून भेटला नाही.

व्हिएतनाममध्येही असंच घडलं होतं. २००० च्या सुमारास तिथे चायनीज गाड्यांचा पूर आला, होंडाचा धंदा बसायची वेळ आली. होंडाने २००२ मध्ये वेव्ह आल्फा स्वस्तात काढली आणि गिऱ्हाईक परत आलं. लोकांना स्वस्त गाडी हवी होती हे खरंच. पण टिकणारी गाडी जरा जास्त पैशात मिळते म्हटल्यावर त्यांनी तीच घेतली.

आपल्याकडच्या वाचकांना बॉक्सर म्हणजे जुनी कावासाकी बजाज आठवेल. खेड्यापाड्यात दूधवाल्यांकडे, शिक्षकांकडे असायची. २००४ मध्ये सीटी १०० आली आणि ती मागे पडली. २०११ मध्ये बजाजने बॉक्सर १५० भारतात आणून पाहिली, पण दीडशे सीसी म्हटलं की आपल्या पोरांना पल्सर हवी, त्यामुळे ती आपल्याकडे रुजली नाही. आफ्रिकेत मात्र तिच्याशिवाय बाजार उघडत नाही. मला इथे कुणी गाव विचारलं आणि मी महाराष्ट्र म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही. बजाज जिथे बनते तिथला म्हटलं की फुंडीसुद्धा हातातला पाना खाली ठेवून बोलायला लागतो. वाळूजच्या कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या माणसांनी हे जरूर वाचावं. त्यांनी आवळलेले नट न्यांदोच्या काळ्या मातीत कसे टिकतात ते मी रोज बघतो.

काळ्या मातीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. खोऱ्याच्या तळाला, कानोच्या मैदानाकडे, जमीन आपल्या कृष्णाकाठासारखी काळी चिकट आहे. मार्च ते मे मोठा पाऊस असतो. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मधे बसतो, दाबला जातो आणि चाक जागेवर थांबतं. यावर कुठल्याच कंपनीचा इलाज नाही. पुढचं मडगार्ड वर उचलून बसवायचं किंवा पावसाळ्यापुरतं काढून ठेवायचं. इथल्या उसात को ४२१, को ९४५, को ६१७ या कोइमतूरच्या जाती अजून दिसतात, आणि त्या फडांच्या बांधावर पुण्याच्या कंपनीची गाडी चिखलात अडकलेली पाहून मला परक्या देशात असल्यासारखं वाटत नाही.

विकताना काय होतं तेही हिशोबात धरा. जुन्या बॉक्सरला स्टँडवर उभ्या उभ्या गिऱ्हाईक मिळतं. चायनीज गाडी वर्षभरात निम्म्यावर येते आणि पुढे इंजिनाच्या भावाने जाते. दोन वर्षांच्या करारावर आलेल्या माणसाने परत जाताना हातात किती राहतील हे आधीच मांडून बघावं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हिशोब इथे अगदी तंतोतंत लागू पडतो.

जुनी बॉक्सर घेताना घाई नको. लॉगबुकवरचा (इथलं गाडीचं आरसी) इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीशी स्वतः ताडून बघा आणि नावावर गाडी चढल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चोरीच्या बॉक्सर बाजारात फिरतात, कारण त्यांना मागणी आहे. थंड इंजिन स्वतः किक मारून चालू करा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणून सांगा. सायलेन्सरमधून निळा धूर, मागच्या चाकाला हाताने हलवल्यावर चिमट्यात खेळ, हँडल मधोमध अडकणं, या तीन गोष्टी दिसल्या तर भाव पाडा नाहीतर सोडून द्या. बॉक्सरच्या नावाने नकली स्पेअरही खूप विकली जातात, त्यामुळे क्लच प्लेट आणि चेन-स्प्रॉकेट अधिकृत दुकानातूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि कारखान्याने चायनीजच दिली, दुसरा पर्याय नाही, अशी वेळ अनेकांवर येते. तेव्हा पहिल्या दिवशी एवढं करून घ्या. आतलं ऑइल काढून चांगलं भरा, कारण या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो, फक्त जाळी आणि फिरतं चकतीवजा फिल्टर असतं. पुढेही दर दीड हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं. टॅपेट इंजिन थंड असताना ०.०८ मिलिमीटरवर ठेवा. चिमट्याचे बुश आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) खोलून ग्रीस भरून घ्या, कारखान्यातून येताना ते बहुतेक कोरडेच असतात. चेन-स्प्रॉकेट चांगल्या कंपनीचं बसवा, प्लग बदला. सगळे नट पुन्हा आवळा आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा. एक जादा रेग्युलेटर सीटखाली कायम ठेवा, आणि हेल्मेट येताना भारतातूनच आयएसआयचं आणा.