लेबल 10 अँपिअरचं, आतला माल 3 अँपिअरचा

चार गिअर मोटरींच्या रोबोसाठी ऑनलाइन मागवलेला, जाळीदार पत्र्याच्या डब्यातला एसएमपीएस, म्हणजे 230 व्होल्टवरून 12 व्होल्ट देणारा सप्लाय. लेबलवर 12 व्होल्ट, 10 अँपिअर. मल्टिमीटर लावला तर 12.1 व्होल्ट, अगदी चोख. पण रोबो निघाला की अर्डुइनो (रोबोचा कंट्रोल बोर्ड) रिसेट होतो, मोटरी गचके खाऊन थांबतात आणि डब्यातून बारीक टिकटिक ऐकू येते.

अशा वेळी नवशिक्याला पहिली शंका येते ती स्वतःच्या कोडवर. मग कोड तपासला जातो, मोटर ड्रायव्हर बदलला जातो, वायरी नव्याने जोडल्या जातात. एवढ्यात परतीची मुदत निघून जाते. विकणाऱ्याचा सगळा भरवसा याच दिवसांवर असतो. म्हणून सप्लाय हातात आल्यावर मोटर जोडायच्या आधी त्याला लोड देऊन बघायचा.

त्याआधी आपला हिशोब पक्का हवा, नाहीतर दोष कुणाचा हे ठरत नाही. मोटरच्या दोन टोकांवर मीटर लावा, शाफ्ट हाताने सावकाश फिरवा आणि सर्वांत कमी ओहम टिपा. प्रोबचा स्वतःचा 0.2-0.3 ओहम त्यातून वजा करा. समजा 2.5 ओहम उरले, तर 12 भागिले 2.5, म्हणजे 4.8 अँपिअर. मोटर जाम झाली की ती एवढा करंट खेचते, आणि सुरू होतानाचा पहिला झटकाही तेवढाच असतो. वजन घेऊन चालताना तीच मोटर 1 अँपिअर घेत असेल, तर चौघींचे मिळून 4. चारही एकदम फुल स्पीडला सोडल्या तर क्षणभर 19. पीडब्ल्यूएम (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा सिग्नल) अर्ध्या सेकंदात हळूहळू चढवला, तर झटका चालू करंटच्या दुपटीच्या आसपास राहतो, म्हणजे 8. त्यामुळे 10 अँपिअरची निवड बरोबर होती. रोबो भिंतीला अडून चारही चाकं जाम होण्याची शक्यता असेल, तर मात्र 20 चा सप्लाय घ्या किंवा कोडमध्ये करंट तोडायची सोय करा.

आता लोड. गाडीच्या ब्रेकलाइटचे 12 व्होल्ट 21 वॉटचे सहा बल्ब घ्या. एक बल्ब 1.75 अँपिअर घेतो, सहा मिळून साडेदहा. बल्ब विटेवर किंवा फरशीवर ठेवा, ते भाजतात. एसएमपीएसच्या पट्टीवर 230 व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, तेव्हा अर्थिंग जोडा आणि प्लग काढल्याशिवाय तिथे बोट नेऊ नका. मीटर थेट आउटपुटच्या स्क्रूवर धरा, बल्बाकडच्या टोकाला नको, नाहीतर वायरीतली घट सप्लायच्या नावावर जाईल. मग एकेक बल्ब वाढवत न्या. गार फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट खेचतं, त्यामुळे चांगला सप्लायही एखादा हिसका देऊ शकतो. तेवढं माफ. पाच बल्बांवर, म्हणजे पावणेनऊ अँपिअरवर, तो दहा मिनिटं 11.8 च्या वर टिकला पाहिजे.

या डब्याचं काय झालं? एका बल्बावर 12.1, दोनांवर 12.0. तिसरा जोडला आणि तिन्ही बल्ब डोळे मिचकावू लागले, टिकटिक सुरू, मीटरचे आकडे ठरेनात. म्हणजे साडेतीन अँपिअर निभावले, सव्वापाचला दम तुटला. टिकटिक हा ओव्हरलोडवर बंद पडून पुन्हा उठण्याचा आवाज. लेबलचा कोपरा उचलून पाहिला तर खाली दुसरं लेबल: 12 व्होल्ट, 3 अँपिअर.

जाळीतून टॉर्च मारला तर न उघडताही बरंच कळतं. 230 व्होल्टच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरवरचा आकडा वाचा. 400 व्होल्टचा एकच असेल तर वॉटमागे साधारण 1 मायक्रोफॅरड असा ठोकताळा धरा. 120 वॉटला 100 च्या पुढे हवा, इथे होता 47. आणि फिल्टर कॉइलच्या जागी नुसता तारेचा तुकडा डाग देऊन बसवलेला. डबा उघडायचा मोह आवरा. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टपर्यंत साठलेले असू शकतात.

‘10 अँपिअर पीक आहे’, म्हणजे फक्त क्षणभरापुरते, हे विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर. जाहिरातीत पीक हा शब्द नव्हता ना? मग ते ऐकून घेऊ नका.

हीच लबाडी बॅटरीतही चालते. 18650 या लिथियम सेलवर 9900 एमएएच क्षमता छापलेली दिसलं की हात आखडा. चांगला सेल 3500 च्या आसपास असतो आणि 45 ते 50 ग्रॅम भरतो. काट्यावर 30 ग्रॅम आला तर बाकी बोलायलाच नको. जंपर वायरीला चुंबक लावून बघा. चिकटला तर तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड आहे, मोटरच्या करंटला ते चालणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत समोरासमोर घेत असाल तर बल्ब सोबत न्या आणि दुकानातच लावून दाखवायला सांगा. डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) R- आणि पुढे आठ आकडे असतील तर तो नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाका. नोंदणी दुसऱ्याच वस्तूची निघाली तर माल तिथेच परत.

ऑनलाइन मालाचं पार्सल फोडतानाचा अखंड व्हिडिओ काढा. बल्ब, मीटरचा आकडा आणि लेबल एकाच चौकटीत दिसेल असा दुसरा. मूळ लेबल सोलून टाकू नका, कोपरा उचलून फोटो घ्या. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी ठेवा, ती पानं गुपचूप बदलतात. परतीला नकार आला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी लागत नाही.