फादरकाकांची ब्रेव्हिअरी आणि बोळातला बाइंडर

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात हे बाइंडर बसतात. दुकानाला पाटी नाही, खळीच्या वासावर जायचं. मी जूनमध्ये आमच्या फादरकाकांची ब्रेव्हिअरी नेली होती. काम एकंदरीत पसंत पडलं, पण एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

ब्रेव्हिअरी म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचं नित्य प्रार्थनेचं पुस्तक. काकांची लॅटिन, तीही ऋतूंप्रमाणे केलेल्या चार भागांतला हिवाळ्याचा एकच. काका नगरहून रामवाडीच्या पेपल सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकायला आले तेव्हा एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्यांना दिलेली. (ती सेमिनरीसुद्धा पुण्याला बाहेरूनच आलेली, १९५५ मध्ये, श्रीलंकेतल्या कँडीहून.)

बाइंडरकाकांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि विचारलं, "यात पान एक तीनदा कसं काय?" एवढं पाहणारा माणूस म्हटल्यावर मी तिथेच निश्चिंत झाले. या पुस्तकात खरंच आकड्यांच्या तीन रांगा आहेत: साधे, कंसातले आणि फुलीचे. कारण हे कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. आज वार कोणता, सण कोणता, संत कोण, त्याप्रमाणे चार-पाच ठिकाणांहून तुकडे जुळवत एक प्रार्थना पुरी होते. पूर्वी मठांत स्तोत्रांचं पुस्तक वेगळं, वाचनांचं वेगळं, गायनाचं वेगळं असे. ते सगळं एकात कोंबलं म्हणून नाव ब्रेव्हिअरी, म्हणजे संक्षेप. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन संघाचे साधू ती घेऊन गावोगाव हिंडले. १५६८ मध्ये पोप पाचवे पायस यांनी रोमन ब्रेव्हिअरी जवळजवळ सगळ्यांना लागू केली. ज्यांची स्वतःची पद्धत दोनशे वर्षांहून जुनी होती त्यांना तेवढी सूट.

लाल शाईबद्दलही त्यांनी विचारलं. काळं म्हणायचं, लाल म्हणजे कधी आणि कसं म्हणायचं त्याची सूचना, असं सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे पोथीच की." आता यावर काय वाद घालणार!

शिवण मात्र अप्रतिम. प्रत्येक फर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा) सोडवून हाताने पुन्हा शिवलाय. पुस्तक कुठेही उघडा, टेबलावर सपाट पडून राहतं. या पुस्तकाला तेच हवं. खुणेसाठी सहा फिती मागितल्या होत्या, सहाच्या सहा मिळाल्या, रंग वेगवेगळे. पुठ्ठ्याला काळं कापड. आठ दिवस सांगून बारा लागले, साडेआठशे रुपये घेतले. दोन्हींबद्दल तक्रार नाही.

तक्रार काठाची. पानं एकसारखी दिसावीत म्हणून त्यांच्या पोराने पुस्तक कटिंग मशिनखाली घातलं. सोनेरी कड गेलीच, वर काकांनी समासात पेन्सिलीने लिहिलेले अर्थही छाटले गेले. संध्याप्रार्थनेच्या मथळ्याशेजारी आता 'संध्याका' एवढंच उरलंय. 'कापू नका' असं मी दोनदा सांगितलं होतं.

काकांनी स्वतः ही पुढे फार वापरली नाही. चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन कौन्सिलनंतर १९७१ ची नवी लॅटिन आवृत्ती आली, आठवड्यात संपणारी स्तोत्रं चार आठवड्यांत वाटली गेली, सकाळची 'प्राइम' ही प्रार्थना तर यादीतूनच गेली. मग इंग्रजी पुस्तकं आली आणि ही ट्रंकेत. तरी नाताळच्या आदल्या रात्री ती बाहेर निघायची, एवढं मला लहानपणापासून आठवतंय.

जुनं मिस्सा-पुस्तक (चर्चमधल्या उपासनेचं), बायबल, पोथी, काहीही द्यायचं असेल तर जरूर द्या. इतकी शिवण हल्ली कोणी करत नाही. चारनंतर जा, त्याआधी शटर अर्धं खाली असतं. आणि काठ कापायचा नाही हे जाड अक्षरात कागदावर लिहून पुस्तकातच ठेवा. तोंडी सांगितलेलं मशिनपर्यंत पोचत नाही.