दोन सर्व्हर, एक स्टोरेज: पोस्टग्रेसचा फेलओव्हर आठ महिने वापरल्यावर

रचना साधी आहे. दोन सारखे सर्व्हर, दोघांना जोडलेलं एकच आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देणारं) स्टोरेज, वर पेसमेकर-कोरोसिंक (सर्व्हरवर नजर ठेवून काम हलवणारं क्लस्टर सॉफ्टवेअर) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम उचलायचं, हाच फेलओव्हर. एका वेळी एकच सर्व्हर व्हॉल्यूम (स्टोरेजमधला डेटाचा भाग) माउंट करतो, म्हणजे वापरायला जोडून घेतो, आणि व्हर्च्युअल आयपी (डेटाबेसला जोडण्याचा पत्ता) त्याच्यासोबत फिरतो. जागा हिंगणा एमआयडीसीतली छोटी सर्व्हर खोली. फेब्रुवारीत लावलं, त्यामुळे नागपूरचा अख्खा उन्हाळा यातून गेला.

स्टोनिथ (समोरच्या सर्व्हरला जबरदस्तीने बंद करणं किंवा तोडणं, म्हणजेच फेन्सिंग) बंद ठेवून हे चालवूच नका. समोरचा सर्व्हर मेला की नुसतं नेटवर्क तुटलं, हे उरलेल्याला कळत नाही. दोघांनी एकच एक्सएफएस (एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायची फाइल सिस्टीम) व्हॉल्यूम माउंट केला की डेटाची वाट लागते. पोस्टग्रेसची पोस्टमास्टर-पीआयडी फाइल इथे वाचवत नाही, ती फक्त त्याच मशीनवरची प्रोसेस बघते.

खरी गोम विजेत आहे. आयपीएमआयने (सर्व्हर दुरून चालू-बंद करण्याची सोय) फेन्सिंग करायचं तर बीएमसी (ती सोय चालवणारी सर्व्हरमधली छोटी चिप) जिवंत हवा, आणि तो त्याच सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर चालतो. मे महिन्यात एका यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या, सर्व्हरसोबत बीएमसीही गप्प झाला. दुसरा सर्व्हर ठणठणीत, पण पहिला बंद असल्याची खात्री मिळेना म्हणून पेसमेकरने डेटाबेस उचललाच नाही. त्याने केलं ते बरोबरच होतं. उपाय दोन: प्रत्येक सर्व्हरचे दोन्ही पॉवर सप्लाय वेगवेगळ्या यूपीएसवर, आणि फेन्सिंगची दुसरी पातळी फेन्स-स्कझी. ते मेलेल्या नोडची (क्लस्टरमधल्या सर्व्हरची) 'की', म्हणजे नोंदणीची खूण, स्टोरेजवरून काढतं, मग त्याला लिहिताच येत नाही. स्टोरेजमध्ये स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्वेशन (कोणत्या सर्व्हरने लिहायचं हे स्टोरेजनेच ठरवण्याची सोय) आहे का, हे खरेदीआधीच विचारा. फेन्स-स्कझीच्या सेटिंगमध्ये 'प्रोव्हाइड्स=अनफेन्सिंग' विसरलात तर ही 'की' नोंदवलीच जात नाही.

एका नोडच्या फेन्सिंगला १० सेकंदांचा डिले द्या, नाहीतर नेटवर्क तुटताच दोघे एकमेकांना बंद करतात. कोरोसिंकच्या 'टू-नोड' सेटिंगसोबत 'वेट-फॉर-ऑल' (सुरुवातीला सगळे नोड येईपर्यंत थांबणं) आपोआप लागू होतं: सगळी वीज जाऊन आल्यावर एकच सर्व्हर उठला, तर क्लस्टर वाट बघत बसतो.

पेसमेकरमध्ये पोस्टग्रेसच्या स्टार्टचा टाइमआउट ६०० सेकंद ठेवा. क्रॅशनंतर पोस्टग्रेस वॉल (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंद) पुन्हा चालवतं. मॅक्स-वॉल-साइझ (या नोंदीच्या आकाराची मर्यादा) वाढवलेला असेल तर १२० सेकंद अपुरे पडतात, आणि डीफॉल्टमध्ये पेसमेकर पहिल्याच अपयशाला तो नोड बाद करतो. स्टिकिनेस (आहे त्याच सर्व्हरवर टिकून राहण्याचा आकडा) १०० ठेवला की जुना सर्व्हर परतल्यावर डेटाबेस विनाकारण उडी मारत नाही.

चाचणी रीबूटने करू नका. चालू सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल एकदम ओढा, आणि ते करण्याआधी वॉल आर्काइव्ह (त्या नोंदींची साठवलेली प्रत) या स्टोरेजबाहेरच्या मशीनवर पोचतंय ना ते बघा. स्टोरेजच गेलं तर दुसरा सर्व्हर काहीच करू शकत नाही.